लाकूडकामाच्या लहान कारखान्यांतील धोके आणि त्यांचा प्रतिबंध

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, विश्वस्तांचे निवेदन आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीला आरोग्यविषयक माहिती देणारा एखादा लेख असावा, असा आमचा हेतू असतो. यंदा आम्ही विषय निवडला आहे तो एखाद्या रोगाचा नसून एका कामाचा आहे. खारेपाटण आणि आसपासच्या गावांत लाकूडकामाचे लहान लहान कारखाने आहेत. दारे-खिडक्या, पाट, चौरंग, पलंग, देव्हारे आणि फळांच्या पेट्या तेथे तयार होतात. मालक, एक-दोन कारागीर आणि हाताखाली शिकणारा एखादा मुलगा, एवढाच बहुतेक ठिकाणचा पसारा असतो. या कारखान्यांतून आमच्याकडे येणारे रुग्ण बहुधा हात फडक्यात गुंडाळून येतात. सोबतची माणसे एकच वाक्य उच्चारतात, "लक्ष नव्हते, हात गेला." कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी त्या कारागिराला.

आमचे म्हणणे याहून वेगळे आहे. लाकूडकामातील बहुतेक अपघात हे नशिबाने होत नाहीत आणि केवळ दुर्लक्षामुळेही होत नाहीत. यंत्राचा एखादा भाग काढून ठेवलेला असतो किंवा मुळातच बसविलेला नसतो, म्हणून ते होतात. माणसाचे लक्ष दिवसातून केव्हातरी ढळणारच. ते ढळेल त्या क्षणी हात आणि पाते यांच्यामध्ये काहीतरी असावे, यालाच सुरक्षितता म्हणतात. हे एकदा ध्यानात आले की यांतील पुष्कळ दुःख टाळता येण्याजोगे आहे, हेही पटते.

हातहत्यारांकडून यंत्रांकडे

आपल्या भागाला लाकूडकामाची परंपरा मोठी आहे. शुक नदीवरील खारेपाटण हे जुने बंदर. हीच नदी पुढे वाघोटणची खाडी होऊन विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते. त्या खाडीच्या काठी गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची जहाजे बांधण्याची गोदी होती. दक्षिणेस सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी व फळे घडविणारे आणि रंगविणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट आणि हातकरवत ही त्यांची हत्यारे. या हत्यारांनीही जखमा होत. परंतु हातकरवत हाताच्या बळावर चालते. हात थांबला की ती थांबते, आणि बोटाला लागली तर वेदनेने हात आपोआप मागे येतो.

विजेच्या मोटरीवरील चक्री करवतीचे तसे नाही. ५० आवर्तनांच्या आपल्या विजेवर चालणारी सर्वसाधारण मोटर मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेते. तिला दहा इंची पाते थेट जोडले तर पात्याच्या कडेचा वेग ताशी १३५ ते १४० किलोमीटर होतो. महामार्गावरून जाणारी बससुद्धा इतक्या वेगाने धावत नाही. चाळीस दात्यांचे पाते असेल तर एका सेकंदात १,९२० दाते एका जागेवरून जातात. डोळ्यांनी पाहून हात मागे घ्यावयास माणसाला साधारणतः पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत ४८० दाते बोटावरून गेलेले असतात. "मी सावध असतो, लागले तर हात काढीन," असे म्हणणाऱ्या कसबी कारागिरासही हा हिशेब चुकविता येत नाही. शिवाय बटण बंद केल्यावरही पाते काही सेकंद फिरतच राहते, आणि मोटरीचा आवाज कमी झाला म्हणजे पाते थांबले, या समजुतीने भुसा झटकण्यास हात पुढे जातो.

अपघात कसा घडतो

लहान कारखान्यांतील चक्री करवत पुष्कळदा गावातच तयार केलेली असते. लाकडी किंवा लोखंडी टेबलाखाली मोटर बसवावयाची आणि टेबलाला फट पाडून पाते वर काढावयाचे, असा हा सोपा प्रकार. त्यात तीन गोष्टी राहून जातात.

पहिली गोष्ट म्हणजे पात्यावरचे कवच. फळी जेवढी जाड असेल तेवढेच पाते उघडे राहावे आणि बाकीचे झाकलेले असावे, हे त्याचे काम. "कवचामुळे रेघ दिसत नाही, काम मंदावते," या कारणास्तव ते काढून कोपऱ्यात ठेवलेले असते. गणपतीपूर्वी किंवा आंब्याच्या हंगामापूर्वी कामाची घाई असते तेव्हा हे हमखास घडते.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्याच्या मागे बसणारी पोलादी पट्टी. लाकूड कापले जात असताना त्याच्या आतील ताण मोकळा होतो आणि कापलेल्या दोन्ही बाजू पुन्हा जवळ येऊन पात्याला चिमटा घेतात. ओल्या किंवा गाठीच्या लाकडात हे विशेष घडते. पात्याचे मागचे दाते वर येत असल्याने ते मग ती फळी उचलून कारागिराच्या अंगावर भिरकावतात. फळी पोटात किंवा छातीत बसते, आणि तिच्यावर टेकलेला हात आधार निसटल्यामुळे पात्यावर पडतो. मागची पट्टी कापलेली फट उघडी ठेवते, त्यामुळे पाते अडकत नाही. एवढासा हा तुकडा आहे, पण तो नसल्यामुळे किती हात गेले असतील, याची गणती नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ढकलकाठी. फळीचा शेवटचा वीतभर भाग पात्यातून पुढे नेताना बोटे पात्याच्या अगदी जवळ येतात. टोकाला खाच असलेल्या काठीने तो भाग ढकलला तर बोटे दूर राहतात. ही काठी त्याच कारखान्यातील टाकाऊ फळीच्या तुकड्यातून पाच मिनिटांत तयार होते.

रंधा यंत्रावरचा अपघात निराळ्या प्रकारचा असतो. तेथे बोट तुटून वेगळे होत नाही. त्याचे टोक हाडासकट तासले जाते. शिवावयास कातडी उरत नाही आणि जोडावयास तुकडाही सापडत नाही. आखूड तुकडा हाताने दाबून यंत्रावरून नेण्यामुळे हे बहुधा घडते. एक फुटाहून आखूड तुकडा रंधा यंत्रावर घेऊ नये आणि ज्या भागावरून लाकूड जात नाही तेवढ्या पात्यांवर झाकण असावे, हे दोन नियम पाळले तर यांतील बहुतेक जखमा टळतील.

वीज गेली आणि आली

पावसाळ्यात आपल्याकडे वीज वारंवार जाते. यंत्र चालू असताना वीज गेली की कारागीर हात चोळीत बाहेर येतो, चहा घेतो, किंवा ही संधी साधून पात्यात अडकलेली ढलपी काढावयास बसतो. बटण मात्र चालूच राहिलेले असते. वीज परत येते आणि यंत्र आपोआप सुरू होते.

यावर उपाय जुना आहे व तो कोणत्याही विद्युत साहित्याच्या दुकानात मिळतो. योग्य प्रकारचा स्टार्टर बसविलेला असेल तर वीज जाताच त्यातील संपर्क तुटतो, आणि वीज आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याखेरीज मोटर सुरू होत नाही. ज्या यंत्रांना केवळ साधे बटण किंवा खटका जोडलेला असतो, त्यांना हे संरक्षण नसते. आपल्या कारखान्यात कोणता प्रकार आहे हे पाहण्यासाठी सोपी चाचणी आहे. यंत्र रिकामे चालवावे, कोणीही जवळ नसताना मुख्य स्विच बंद करावा, पाते थांबू द्यावे आणि पुन्हा चालू करावा. यंत्र आपोआप सुरू झाले तर ते धोकादायक आहे, असे समजावे. त्याच वेळी अर्थिंग नीट आहे की नाही आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसविले आहे की नाही, हेही वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे. ओल्या भिंती, भुशाखाली गाडल्या गेलेल्या वायरी आणि अनवाणी पाय यांचा संयोग प्राणघातक ठरतो.

हळूहळू होणारे नुकसान

तुटलेले बोट सर्वांना दिसते. धूळ आणि आवाज यांमुळे होणारी हानी दिसण्यास वर्षे लागतात, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे.

इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या व लाकडी सामान बनविण्यासाठी प्रसिद्ध होते. त्या भागातील नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या ध्यानात आले की, नाकाच्या आतील पोकळीचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग तेथील लाकूडकाम करणाऱ्यांत वारंवार आढळतो. १९६८ साली यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानंतर अन्य देशांतही असेच आढळून आले, आणि १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीस मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. प्लायवूड व तत्सम कृत्रिम फळ्यांच्या डिंकातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड २००४ साली त्याच गटात गेले.

वाचकांनी घाबरून जाऊ नये. हा कर्करोग दुर्मीळ आहे आणि बहुतेक कारागिरांना तो होत नाही. परंतु अनेक वर्षे लाकूडकाम केलेल्या माणसाचे एकाच बाजूचे नाक सतत चोंदत असेल, त्यातून वारंवार रक्त येत असेल किंवा वास येईनासा झाला असेल, तर ते सर्दीवर ढकलू नये. तज्ज्ञास दाखवावे. काम सोडल्यानंतर कित्येक वर्षांनीही हा रोग उद्भवू शकतो, म्हणून निवृत्त झालेल्या कारागिरांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

याहून पुष्कळ अधिक प्रमाणात आढळणारे त्रास म्हणजे शिंका, डोळ्यांची आग, कोरडा खोकला आणि दमा. कामाच्या दिवशी संध्याकाळी छाती भरते आणि सुटीच्या दिवसांत बरे वाटते, असे रुग्ण सांगू लागला की धुळीचा संशय घ्यावा. सागाच्या भुशाने काहींच्या हातावर व मानेवर पुरळ उठते, कारण त्या लाकडातील काही नैसर्गिक द्रव्ये त्वचेला सोसत नाहीत. जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतांशी नाकातच अडकते. घासकागदाच्या यंत्रातून निघणारी बारीक धूळ मात्र थेट फुप्फुसात जाते. नाकाला बांधलेला रुमाल तिला थांबवू शकत नाही. एन-९५ प्रकारचा मुखवटा नीट बसवून वापरल्यास अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के गाळले जातात. त्याहूनही उत्तम म्हणजे धूळ उडूच न देणे. त्यासाठी यंत्रालाच ओढून घेणारा पंखा व पिशवी जोडावी, केर काढण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि हवेच्या झोताने कपडे व टेबल झटकू नये.

आवाजाचेही असेच आहे. चक्री करवत आणि रंधा यंत्र यांचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. आपल्या कारखानाविषयक नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा घातली होती, आणि १०० डेसिबल आवाजात दोन तासांहून अधिक काळ राहू नये, असे त्यांत म्हटले होते. या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही औषधाने परत येत नाही. घरची माणसे "हल्ली हे ऐकूनच घेत नाहीत," अशी तक्रार करू लागतात तेव्हा नुकसान होऊन चुकलेले असते. कानांत घालावयाची साधी बोंडे हे नुकसान टाळतात.

आगीचा उल्लेखही केला पाहिजे. कोरडा भुसा, पॉलिशचे थिनर आणि कोणाच्या तरी हातातील विडी, ही तिन्ही एका छपराखाली असू नयेत. जवसाच्या तेलाने किंवा तेलयुक्त पॉलिशने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग तर ठिणगीवाचूनही तापून पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

अपघात झालाच तर

रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा आणि हात हृदयाच्या पातळीहून वर धरावा. दहा मिनिटे दाब काढून पाहू नये. बोटातील अंगठी लगेच काढावी, कारण सूज आल्यावर ती निघत नाही. जखमेत हळद, चहाची पूड, तंबाखू, चुना किंवा रॉकेल यांपैकी काहीही घालू नये. रक्त थांबल्यासारखे वाटले तरी पुढे आम्हांला ती जखम स्वच्छ करण्यातच वेळ घालवावा लागतो आणि तिच्यात पू होण्याचा धोका वाढतो.

तुटलेले बोट फेकून देऊ नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये. बर्फाच्या थेट स्पर्शाने त्यातील पेशी गोठून मरतात. तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. मासे आणावयाचा थर्मोकोलचा डबा त्यासाठी चालतो. अशा रीतीने थंड ठेवलेले बोट कित्येक तासांनंतरही जोडता येण्याची शक्यता असते. मनगटापासून तुटलेल्या हातात स्नायू असल्यामुळे त्याला मात्र फार कमी अवधी मिळतो.

तुटलेला हात जोडण्याची यशस्वी शस्त्रक्रिया १९६३ साली चीनमध्ये शांघाय येथे झाली, आणि तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६५ साली जपानमध्ये नारा येथे झाली. आज ही विद्या भारतातही उपलब्ध आहे. परंतु ती आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यातील नाही. त्यासाठी रुग्णास घाट चढून कोल्हापूर, किंवा बांबोळी वा मुंबई गाठावी लागते. रक्तस्राव थांबविणे, धनुर्वाताचे इंजेक्शन व प्रतिजैविके देणे, तुकडा नीट बांधून देणे आणि पुढील रुग्णालयास दूरध्वनी करून वेळ वाचविणे, हे आमचे काम. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना "बोट तुटले आहे, तुकडा सोबत आहे," एवढे स्पष्ट सांगावे. प्रत्येक बोट जोडण्याजोगे असतेच असे नाही. तो निर्णय तज्ज्ञावर सोपवावा. अंगठा मात्र जोडण्याचा प्रयत्न सहसा केला जातो, कारण हाताचे निम्मे काम त्याच्यावर अवलंबून असते.

कायदा आणि भरपाई

कारखान्यातील फिरत्या यंत्रांना कवच असलेच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमात स्वच्छ शब्दांत लिहिले होते. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असतील तरच ते ठिकाण त्या अधिनियमाच्या मूळ व्याख्येप्रमाणे कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी ही संख्या २० आहे. धोकादायक कामांसाठी शासनास अधिसूचना काढून लहान ठिकाणांनाही संहिता लावता येते. तरीही तीन-चार माणसांच्या सुतारशाळेत निरीक्षक येऊन कवच तपासील, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. पाते मात्र माणसे मोजून कापत नाही. म्हणून जे मोठ्या कारखान्यात कायद्याने होते, ते येथे मालकाच्या आणि गावाच्या समजुतीने व्हावयास हवे. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर बंदी आहे. आमचा आग्रह तर असा की, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणत्याही शिकाऊ मुलास करवतीवर किंवा रंधा यंत्रावर उभे करू नये.

भरपाईची बाब निराळी आहे. तिला कामगारांच्या संख्येची अशी अट १९२३ च्या भरपाई अधिनियमात विजेवर चालणाऱ्या उत्पादनाच्या ठिकाणी नव्हती. त्या अधिनियमाच्या परिशिष्टात कोणते बोट गेले असता कमाविण्याची शक्ती किती टक्के कमी झाली असे मानावयाचे, हे दिलेले आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, मधले बोट पूर्ण गेल्यास १२ टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. २५ वर्षांच्या, दरमहा १५,००० रुपये मजुरी असणाऱ्या कारागिराचा अंगठा गेला तर त्या अधिनियमाच्या सूत्राने रक्कम सुमारे ५ लाख ८५ हजार रुपये होते. २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला आहे. प्रत्यक्ष प्रकरणात रक्कम किती, हे जाणकार वकिलाकडून समजून घ्यावे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ सालचा एक निर्णय मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ओडिशातील एका चित्रपटगृहात सजावटीचे लाकूडकाम करणारा सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. उजवा हात शाबूत आहे, तेव्हा त्याचे अपंगत्व अंशतःच धरावे, असे मालकाचे म्हणणे होते. सुतारकाम एका हाताने होत नाही, त्यामुळे हा मनुष्य आपल्या कामास पूर्णपणे असमर्थ झाला आहे, हे भरपाई आयुक्तांचे मत न्यायालयाने उचलून धरले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्या निर्णयात सांगितले आहे. कारागिराच्या हाताचे मोल त्याच्या धंद्याच्या संदर्भात करावयाचे असते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना येथे एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. मालक ओळखीचा असतो, पुष्कळदा भावकीतलाच असतो. त्याला त्रास नको म्हणून "घरी कोयत्याने कापले," असे सांगितले जाते. केसपेपरवर तसेच लिहिले गेले की पुढे भरपाईचा दावा लंगडा पडतो. अपघात कोणत्या यंत्रावर, कोणते काम करताना आणि किती वाजता झाला, हे खरे सांगावे. जो मालक स्वतःच यंत्रावर उभा राहतो त्याला ही भरपाई मिळत नाही. त्याने निदान विमा तरी उतरवावा. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे. अपघाताने एक हात पूर्ण निकामी झाल्यास तीत १ लाख रुपये मिळतात. एखाद-दुसऱ्या बोटासाठी मात्र ती काही देत नाही, हेही जाणून असावे.

कारखान्याच्या भिंतीवर लावण्यासाठी

१. कवच आणि पात्यामागची पट्टी बसविल्याशिवाय करवत सुरू करू नये.
२. ढकलकाठी यंत्रालाच दोरीने बांधून ठेवावी, म्हणजे ती शोधावी लागत नाही.
३. वीज गेली की प्रथम बटण बंद करावे.
४. पाते बदलताना किंवा साफ करताना मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा.
५. सैल बाह्या, उपरणे, लोंबती लुंगी, मनगटातील गंडा-दोरा आणि हातमोजे घालून फिरत्या यंत्राजवळ जाऊ नये. हातमोजा बोटाला वाचवीत नाही, तो हात आत ओढतो.
६. चष्मा, कानांतील बोंडे आणि मुखवटा प्रत्येकाचा स्वतंत्र असावा.
७. यंत्राभोवतालची जमीन दर संध्याकाळी झाडावी. घसरलेला पाय हेही हात जाण्याचे कारण असते.
८. थकवा, ताप किंवा मद्याचा अंमल असताना यंत्रावर उभे राहू नये.

विनंती

लाकूडकाम करणारा माणूस आपल्या समाजातील अत्यंत उपयुक्त माणूस आहे. गणपतीचा पाट तोच घडवितो आणि नव्या घराची चौकटही तोच उभी करतो. त्याचा हात गेला तर त्याच्या घरची मिळकत जाते, मुलांचे शिक्षण थांबते, आणि वर्षानुवर्षे जमविलेले कसब कोणाला न देताच संपते. आम्ही जखम शिवू शकतो, हाड बसवू शकतो, परंतु गेलेले बोट परत देऊ शकत नाही. या बाबतीत रुग्णालयापेक्षा सुतारशाळेतच अधिक काही करता येण्यासारखे आहे.

म्हणून आमच्या देणगीदारांना व हितचिंतकांना आमची विनंती अशी. आपण दार, खिडकी, पलंग करावयास टाकाल तेव्हा एकदा कारखान्यात डोकावून करवतीवर कवच आहे का, हे पाहावे. नसेल तर ते बसविण्याचा आग्रह धरावा आणि त्यापायी काम दोन दिवस उशिरा झाले तर ते आनंदाने सोसावे. गिऱ्हाइकाची घाई हेच कवच काढण्याचे मोठे कारण असते. रुग्णालयाच्या कामासाठी आपण जे देता त्याबद्दल आम्ही ऋणी आहोतच. परंतु एखाद्या तरुण कारागिराचे बोट आपल्या शब्दामुळे वाचले, तर त्याला आमच्याकडे यावेच लागणार नाही. ती देणगी आमच्या जमाखर्चात दिसणार नाही, तरीही तिचे मोल आम्ही जाणतो.